नोंदीबाहेरची तेवीस गावे

वाळवी हा प्राणी भूगोलाचा अभ्यास किती पद्धतशीरपणे करतो, हे धामणदरीच्या मराठी शाळेतील जिल्ह्याच्या नकाशावरून उत्तम रीतीने समजत असे. तिने आरंभ मलकापुरापासून केला होता. तेथून ती सरळ खामगावास आली, घाट चढली, चिखली तालुका सावकाश संपवला आणि मेहकराच्या वेशीशी येऊन थोडी विसावली. भिंतीवर आता वरची काठी, खालची काठी आणि मध्ये एक पिवळट चिंधी एवढाच बुलढाणा जिल्हा शिल्लक होता.

त्या काळी वऱ्हाड मध्यप्रांताच्या जोडीने नांदत असे आणि मोठे हुकूम नागपुराहून निघून, ठिकठिकाणी मुक्काम करीत, धामणदरीस पोचेपर्यंत बरेच थकलेले असत. परंतु कार्तिकातल्या त्या सोमवारी आलेला हुकूम ताजातवाना होता. येत्या शनिवारी डिप्टी साहेब शाळेची परीक्षा घेतील. तिसऱ्या इयत्तेस जिल्ह्याचा भूगोल विचारला जाईल. आणि हंगामी शिक्षक नीळकंठ यांस कायम करावे किंवा कसे, याचा निर्णय त्याच दिवशी शेरेबुकात लिहिला जाईल.

नीळकंठ मास्तरांनी हुकूम तीनदा वाचला. त्यांचे शिक्षण मराठी सहावीपर्यंत झाले होते. पुढच्या परीक्षेच्या दिवशी त्यांना हिवताप भरला आणि त्यानंतर त्या परीक्षेला त्यांची व त्यांना तिची कधी गाठ पडली नाही. हंगामी शब्दाचे त्यांना फारसे दुःख नव्हते. दुःख होते ते देऊळगाव राजाच्या सासऱ्यांना होते. "जावई कायम झाल्याचा कागद दाखवा आणि मुलगी घेऊन जा," असे त्यांनी लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यात स्वच्छ सांगितले होते. त्या गोष्टीस आता चौदा महिने झाले. वासंती देऊळगावी होती, मास्तर धामणदरीस होते आणि दोहोंच्या मध्ये तो कागद होता.

नव्या नकाशासाठी मास्तरांनी पूर्वीच अर्ज केला नव्हता असे नाही. वरून उत्तर आले होते की जुना नकाशा जमा केल्यावाचून नवा मिळणार नाही. त्याखाली दुसरे कलम होते की शाळा एक दिवसही नकाशावाचून राहता कामा नये, सबब नवा हाती येईपर्यंत जुना जमा करू नये. मास्तरांनी ही दोन्ही कलमे आलटून पालटून पाळण्याचा वर्षभर प्रयत्न केला होता.

तेव्हा सोमवारी दुपारी, चिंधीकडे बराच वेळ पाहून झाल्यावर, त्यांच्या मनात तो विचार आला. जिल्हा मातीचा करावा. शाळेपुढच्या अंगणात, एका कोसाला चार बोटे या मापाने, सातपुड्यापासून पैनगंगेपर्यंत अख्खा जिल्हा उभा करावा. मुलांनी त्याच्याभोवती बसावे, नद्यांत पाणी सोडावे, आणि शनिवारी साहेबांनी आश्चर्याने तोंडात बोट घालावे. त्या बोटापर्यंत पोचल्यावर मास्तरांची नजर जरा धूसर झाली. देऊळगावचा रस्ता, छकडा आणि छकड्यात पाठमोरे बसलेले कोणीतरी त्यांना दिसू लागले. इतक्यात पहिलीच्या मुलांनी पाढे म्हणायचे थांबवून भांडण सुरू केले आणि छकडा नाहीसा झाला.

मुलांनी शेतातून काळी माती आणली. दोरी धरून हद्द आखली गेली. उत्तरेस सातपुडा, मधोमध घाटाची रांग, वर घाटावरचा मुलूख, खाली घाटाखालचा. काम रंगात आले तेव्हा उकंडराव पाटील काठी टेकीत येऊन उभे राहिले.

"मास्तर, हे काय करून राह्यले?"

"जिल्हा करतो आहे, पाटील."

"अख्खा?"

"संपूर्ण."

पाटलांनी सर्व बाजूंनी फिरून जिल्हा पाहिला. "मंग आपलं धामणदरी कोठी हाय?"

मास्तरांनी मेहकराजवळ ठेवलेला बोराएवढा खडा दाखवला.

"एवढुसं?" पाटील दुखावले गेले. "माह्या एकट्याच्या खळ्यात असे दहा खडे बसतीन. साहेब पाह्यतीन तं काय म्हणतीन, का इथला पाटील भिकारी हाय? मेहकर थोडं तिकडं सरकवा अन आपलं गाव नारळाएवढं करा."

मेहकर सरकवता येत नाही, हे समजावण्यात अर्धा तास गेला. अखेर धामणदरी लिंबाएवढे करण्यावर समेट झाला. पाटील निघून जाईपर्यंत त्यांचे वासरू मागून येऊन खामगाव तालुक्यात बसले होते.

मंगळवारी सकाळी मास्तर फेटा नीट बांधून शाळेत आले आणि थबकले. कालच्या उन्हाने जिल्हा वाळला होता. सातपुडा सात ठिकाणी उलला होता. चिखलीच्या आरपार भेग गेली होती. ज्या मुलखात दोन मोठ्या नद्या असाव्या, तेथे शेदोनशे नद्या वाहू लागल्या होत्या आणि त्यातल्या एकीत कोकिळेने हात घालून तो कोपरापर्यंत जातो का, हे पाहण्याचा उद्योग चालवला होता. ही कोकिळा उकंडराव पाटलांची नात. शाळेत मुली तीनच, आणि तिसरीतल्या पोरांना उत्तरे पुरवण्याचे काम ती एकटीच करीत असे.

शेजारच्या मळ्यातून पुंजाजी आले. मोटेचे पाणी वाफ्यावाफ्याला नेण्यात त्यांचे आयुष्य गेले होते आणि शाळेत त्यांनी कधी पाऊल ठेवले नव्हते. ते उकिडवे बसून जिल्ह्याकडे पाहत राहिले.

"काळीनं कोणी भित लिपते का, मास्तर?" ते शेवटी म्हणाले. "काळी वावरात शोभते. तिले उन्हात उघडी टाकली का ते तोंड फाडून पाणीच मांगते. तुमच्या बुकात नाही लिव्हलं?"

पुस्तकात काळ्या मातीविषयी 'सुपीक' एवढाच शब्द होता. मास्तर सत्यास जागले आणि नाही म्हणाले.

येथे वाचकांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे जमिनीच्या दोन जाती मानतात. जिच्यात पेरतात ती काळी आणि जिच्यावर गाव वसते ती पांढरी. काळी पोटाला देते, पांढरी डोक्यावर छप्पर धरते, आणि दोघींचा मान निरनिराळा आहे. पुंजाजींनी ठरवून टाकले की वावरे काळीची करावी, तिच्यात शेण आणि भुसा कालवावा म्हणजे ती उलणार नाही. परंतु गावे मात्र पांढरीचीच पाहिजेत. उकंडराव पाटलांनी त्याला दुजोरा दिला आणि वर म्हणाले की पांढरीला विचारल्याशिवाय तिला खणता येणार नाही. म्हणून नारळ आला, गावठाणाच्या कडेला फोडला गेला, आणि भूगोलाच्या त्या तासाला तिसरी इयत्ता खोबरे खात बसली. मास्तरांनी रोजनिशीत 'पिकांची माहिती' असे लिहिले, कारण नारळ हेही एक पीक आहे.

दुपारपर्यंत नवा जिल्हा उठला, आणि पहिल्यापेक्षा सुंदर उठला. काळ्या भुईवर पांढऱ्या मातीची गावे अशी दिसू लागली, की जणू संध्याकाळच्या वेळी घाटमाथ्यावर उभे राहून कोणी खाली पाहावे. मलकापूर, खामगाव, वऱ्हाडातले जळगाव, चिखली, मेहकर. सिंदखेड, देऊळगाव राजा, संग्रामपूर. सरकारी पुस्तकात नावे होती तेवढी सर्व गावे मास्तरांनी स्वतःच्या हाताने ठेवली. देऊळगाव राजा ठेवताना त्यांचा हात किंचित रेंगाळला. नंतर त्या गावावर एक माशी येऊन बसली. तिला त्यांनी हाकलले नाही.

पाणवठ्याची वाट शाळेवरून जात असे. दोन प्रहरी बाया घागरी घेऊन निघाल्या आणि अंगणातले ते पाहून थांबल्या. वच्छलाबाई त्यांच्यात वयाने मोठ्या. त्यांनी घागर खाली ठेवली.

"मास्तर, यात माह्यं उमरदरी कोठी हाय?"

मास्तरांनी आदराने सांगितले की उमरदरी हे लहान गाव असून सरकारी पुस्तकात त्याचे नाव नाही.

"काऊन नाही?"

"सरकारने मोठी गावे तेवढी घेतली आहेत, बाई."

"सरकारचं माहेर तिथं असतं तं घेतलं असतं," वच्छलाबाई म्हणाल्या. हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. एखादी ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तशा म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "चिखली कोणती? अन हे घाटाची रांग? मंग घाट उतरला का डाव्या हाताले, नाला लागते, तिथं."

त्यांनी पांढरीचा एक गोळा घेतला, हातावर वळला आणि नेमक्या जागी ठेवला. नुसता ओका गोळा त्यांना बरा वाटेना. घरून भिजवलेले चार गहू आणून त्यांनी त्यात टोचले. "माहेर हिरवं असावं," एवढेच बोलून त्या पाण्याला गेल्या.

बुधवारी सकाळी अशी गावे सहा झाली. संध्याकाळी अकरा. गावात नांदायला आलेली एकेक बाई येऊन बसे, बोटाने रस्ता धुंडाळी, "इथं म्हसोबा, इथून उतार, इथं आमचं खळं" असे स्वतःशी पुटपुटे आणि एक गोळा ठेवून जाई. आशाबाईंचे माहेर सर्वांत दूरचे, संग्रामपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी. लग्नात त्या तीन दिवस छकड्यात बसून आल्या होत्या आणि नऊ वर्षांत एकदाच गेल्या होत्या. त्यांनी गोळा ठेवला, उठल्या, पुन्हा बसल्या आणि तो अर्धा बोट पलीकडे सरकवला. "डोंगर अजून जवळ हाय," त्या म्हणाल्या. "सकाळी सावली अंगणात येते."

मास्तरांनी प्रथम विरोध करावयाचे ठरवले होते. परंतु तिसरीची मुले त्या बायांच्या मागे बसून ऐकत होती, आणि जी गोष्ट मास्तरांच्या छडीने सहा महिन्यांत झाली नव्हती ती होऊ लागली होती. मेहकराहून चिखलीस जाताना काय लागते, कुठे बैल सोडतात, कुठे पाणी गोड आहे, हे पोरांना तोंडपाठ झाले. दुपारी पहिलीचा पाढ्यांचा आवाज ओसरीवरून संथपणे येत असे, लिंबाची सावली घाटावरून घाटाखाली उतरत असे, आणि मास्तर खुर्चीवर बसल्या बसल्या मुंगीएवढे होऊन त्या जिल्ह्यात चालू लागत. ते मेहकर ओलांडीत. त्यांच्या पायांना ओली माती लागे. लांब देऊळगावाच्या बाजूला कोणीतरी दारात उभे असे. मग मान खाली पडून ते जागे होत आणि कोणी पाहिले तर नाही, हे पाहत.

गुरुवारी नद्यांत पाणी सोडले. पैनगंगा उत्तम वाहिली. घाटावरून निघून उगवतीकडे शहाण्या मुलीसारखी चालत गेली. घाटाखाली पूर्णेत लोटा ओतला, तर तीही उगवतीकडेच निघाली. पूर्णा मावळतीला जाते, हे पुस्तकात ठळक अक्षरांत होते. मास्तरांनी दुसरा लोटा ओतला. पूर्णा आणखी जोराने चुकली. तिला अडवण्यासाठी ते घाईने वाकले, पाय घसरला आणि फेट्यासह पूर्णेच्या खोऱ्यात बसले. पोरे हसली नाहीत. ही गोष्ट त्यांना अधिक लागली.

"पूर्णा ठेवताच काऊन?" उकंडराव पाटलांनी सल्ला दिला. "आपल्या गावाले तिचं काही काम पडत नाही."

पुंजाजींनी फावडे आणले. अंगणाला उगवतीकडे उतार होता. त्यांनी पूर्णेचे पात्र उकरले, उगवतीच्या टोकाला भर घातली, मावळतीला उतार दिला, आणि ओंजळभर पाणी सोडून हात कमरेवर ठेवून उभे राहिले. पाणी क्षणभर विचारात पडले आणि मग मुकाट्याने मावळतीला निघाले. "पाणी आयकते," पुंजाजी म्हणाले, "पण त्याले सांगा लागते." मास्तरांनी हे वाक्य फळ्यावर लिहिले आणि मुलांनी ते पाटीवर उतरवून घेतले.

शुक्रवारी दुपारी, म्हणजे नेमल्या दिवसाच्या एक दिवस आधी, डिप्टी साहेब वामनराव तट्टावरून उतरले. अचानक येणे हा त्यांचा नियम होता आणि तो सर्व शाळांना ठाऊक होता; मास्तरांना मात्र तो त्या आठवड्यात आठवला नाही. बाया भोवती बसल्या होत्या. गोळ्यांतून गव्हाची अर्ध्या पेराएवढी हिरवी टोके वर आली होती.

"हे काय आहे?"

"जिल्हा, साहेब."

"कोणाचा?" असे विचारून साहेब अधिक जवळून पाहण्यासाठी सातपुड्यावर चढले.

"साहेब, बूट काढा," आशाबाई पदर सावरून म्हणाल्या. "तुमच्या टाचेखाली माह्या भावाचं वावर येऊन राह्यलं."

साहेबांनी चमकून पाय मागे घेतला आणि तो पूर्णेत पडला. बुटातले पाणी झटकून साहेबांनी खिशातून यादी काढली, चष्मा लावला आणि एकेक गाव ताडून पाहिले. यास एक तास लागला.

"मास्तर," ते म्हणाले, "डोंगर बरोबर. नद्या बरोबर, हे मी बुटावरून सांगू शकतो. परंतु नोंदीबाहेरची तेवीस गावे आपण वसवली आहेत. तेवीस. नकाशा ही सरकारी वस्तू आहे. तीत ज्याने त्याने आपले बिऱ्हाड आणून ठेवले तर उद्या कोणी स्वर्गही ठेवील. उद्या सकाळी परीक्षेपूर्वी ही सर्व गावे उठली पाहिजेत. न उठली तर मला शेरा लिहिताना वाईट वाटेल. परंतु मी तो लिहीन."

साहेब चावडीवर मुक्कामास गेले. बायाही निघून गेल्या. दिवस मावळतीला कलला तेव्हा नीळकंठ मास्तर हातात खुरपे घेऊन जिल्ह्याच्या कडेला बसले होते. तेवीस गोळे, अर्ध्या घटकेचे काम. त्यांनी उमरदरीजवळ खुरपे नेले आणि परत घेतले. वासंतीचे गाव यादीत होते, त्यास धक्का नव्हता. त्यांच्या वाटेत होती ती दुसऱ्यांची गावे. मनुष्य आपली बायको माहेराहून आणण्यासाठी तेवीस बायांची माहेरे उपटतो, हे त्यांनी वाक्य करून पाहिले. ते वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध होते, पण त्यांना ते पुढे म्हणवेना.

"मास्तर, खुरपं ठेवा," मागून वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांच्यामागे बाकीच्या होत्या. कोकिळेने घरोघर जाऊन सर्व हकिकत सांगितली होती.

"बाई, मी उठवणार नाही," मास्तर म्हणाले. "साहेबांना सांगेन. होईल ते होईल."

"होईन काय? देऊळगावची लेक तिथंच बसून राहीन, अजून चौदा महिने." वच्छलाबाई खाली बसल्या. "तुमचं काम अडू नका देऊ. अन तुम्ही हात लावू नका. माहेरातून बाई आपल्या पायानं उठते, तिले कोणी उपटत नाही."

त्यांनी दोन्ही हातांनी उमरदरी उचलली, खालच्या ओल्या मातीसकट, कोंब न मोडता, आणि पदरात घेतली. मग एकेक बाई पुढे झाली. कोणी ताटली आणली होती, कोणी परडी. आशाबाई शेवटी उठल्या. त्यांनी जाताना सातपुड्यावर उमटलेला बुटाचा ठसा तळहाताने पुसून घेतला. जिथे गावे होती तिथे वाटीएवढे तेवीस खळगे राहिले.

शनिवारी परीक्षा झाली. अंगणाच्या कडेला सारे गाव उभे होते. साहेबांनी यादी ताडली. एक गाव जास्त नाही, एक कमी नाही. त्यांनी मान डोलावली आणि काठीचे टोक घाटाखालच्या एका खळग्यावर ठेवून कोकिळेला विचारले,

"येथे काय आहे?"

बरोबर उत्तर 'काही नाही' असे होते.

"उमरदरी," कोकिळा म्हणाली.

"मला तर दिसत नाही."

"ते वच्छलाकाकूच्या घरी हाय, साहेब. तुळशीपाशी ठेवलं. आणू का?"

साहेबांनी काठी पुढे नेली. "आणि हा खळगा?"

"ते पुष्पाबाईच्या घरी. कोनाड्यात."

काठी हळूहळू उत्तरेकडे गेली. संग्रामपूर ओलांडून ती सातपुड्याच्या पायथ्याशी थांबली आणि बराच वेळ थांबून राहिली.

"हे कोणाकडे आहे?" साहेबांनी विचारले. आता त्यांचा आवाज परीक्षेचा नव्हता.

"आशाबाईकडे. तिथं डोंगर लई जवळ हाय. सकाळी सावली अंगणात येते."

"येते," साहेब म्हणाले. "आणि उन्हाळ्यात दहा वाजेपर्यंत जात नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझे आजोळ त्याच अंगाला. यादीत तेही नाही. तीस वर्षे यादी मीच बाळगतो, पण कालपर्यंत कधी शोधून पाहिले नव्हते."

मग त्यांनी शेरेबुक मागवले, मांडीवर ठेवले आणि एकाग्रतेने लिहिले. लिहून झाल्यावर ते मास्तरांच्या हाती दिले. मास्तरांना अक्षरे दिसेनात, म्हणून पाटलांच्या आज्ञेवरून कोकिळेने सर्वांस मोठ्याने वाचून दाखवले:

"नकाशा सरकारी यादीबरहुकूम आहे. उरलेली तेवीस गावे गावकऱ्यांच्या घरी सुरक्षित आहेत. मुलांस जिल्हा माहीत आहे. शिक्षकास कायम करावे."

पुंजाजींनी समाधानाने मान हलवली. वच्छलाबाईंनी पदर डोळ्यांस लावला. उकंडराव पाटील मात्र कपाळाला आठ्या घालून विचार करीत होते.

"बाकी समदं बराबर लिव्हलं," ते म्हणाले, "पण सुरक्षित कसं म्हणता? आशाबाईच्या घरी बकरी हाय. अन आज तिनं ते मोकळी सोडेल हाय."

आशाबाईंनी घागर टाकली आणि त्या धावत सुटल्या. कायम शिक्षकाने रस्त्याने पळू नये, असा संकेत आहे आणि तो योग्यही आहे. तथापि नीळकंठ मास्तर शेरेबुक काखेत धरून त्यांच्यामागे पळाले, त्यांच्यामागे तिसरी इयत्ता पळाली, आणि सर्वांच्या मागे, एका हाताने टोपी धरून, कालपासून न वाळलेल्या बुटाचा चपचप आवाज करीत, डिप्टी साहेब.